बीम रुंद केला म्हणून सेल्फ-फोकसिंग टळत नाही

नागपूरच्या एमएस्सीवाल्या भाऊचा प्रश्न असा: 800 नॅनोमीटर, 50 फेमटोसेकंद, 1 मिलिज्यूलची पल्स हवेतून जाताना आपसूक फोकस होते, मग टेलिस्कोप लावून बीम रुंद केला, तीव्रता उतरवली, तर भानगड मिटेल का? आणि क्रिटिकल पॉवर, म्हणजे जिच्या वर बीम आपसूक फोकस होतो ती पॉवर, कुठे 3 गिगावॅट लिहितात, कुठे 10, त्यातलं खरं कोणतं?

भानगड मिटत नाही, लांबणीवर पडते. बीम रुंद केला की केर परिणामातून (तीव्र प्रकाशाने हवेचा अपवर्तनांक वाढतो, त्यातून) तयार होणारी लेन्स दुबळी होते हे खरं, पण विवर्तनही, म्हणजे बीमचं आपोआप पसरणंही, त्याच प्रमाणात दुबळं होतं. म्हणून क्रिटिकल पॉवरच्या सूत्रात बीमची रुंदी येतच नाही. वर तरंगलांबीचा वर्ग, खाली वायूचा एन-टू, म्हणजे तीव्रतेने अपवर्तनांक किती वाढतो ते सांगणारा आकडा. तुमची पॉवर साधारण 20 गिगावॅट, म्हणजे 10 धरली तरी दुप्पट. बीमची त्रिज्या 1 मिलिमीटर असेल तर पावणेतीन मीटरच्या आसपास कोसळणार, म्हणजे आवळत बिंदूकडे जाणार, 5 मिलिमीटर केली तर 65 मीटरच्या पुढे. लॅबची खोली तेवढी लांब नसते, म्हणून सीनियरांना वाटतं इलाज लागू पडला!

आता 3 की 10. हवेतले नायट्रोजन-ऑक्सिजनचे रेणू पल्सच्या विद्युतक्षेत्रात वळू पाहतात, पण त्यांना वळायला वेळ लागतो. 50 फेमटोसेकंदांत फक्त इलेक्ट्रॉन प्रतिसाद देतात, एन-टू लहान राहतो, आकडा 10 च्या घरात जातो. पल्स 200 फेमटोसेकंदांच्या पुढे गेली की रेणूंचा वाटा मिळतो आणि आकडा 5 किंवा त्याखाली येतो. तेव्हा आकडा उचलताना सोबत पल्सची लांबीही बघा. आर्गॉनचे अणू सुटे, वळायला काही नाहीच, म्हणून तिथे हा घोळ नाही.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही: एन-टू वायूच्या घनतेवर चालतो. आपल्याकडे मे महिन्यात एसी बंद पडून खोली 45 अंशांवर गेली, त्यात गावची उंची 310 मीटर, तर समुद्रसपाटीच्या 20 अंशांच्या हवेपेक्षा घनता 11 टक्के कमी भरते. क्रिटिकल पॉवर त्यामुळे 12-13 टक्के चढते.

मग बीम पार बिंदूपर्यंत का कोसळत नाही? ऑक्सिजनचं आयनीकरण करायला 12.07 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे या पल्सचे प्रत्येकी 1.55 चे आठ फोटॉन एकदम. तीव्रता दुप्पट झाली की आयनीकरणाचा वेग 256 पट. त्यातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या प्लाझ्माने अपवर्तनांक उतरतो, बीम पसरू लागतो, आणि तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला 5 गुणिले 10 चा 13 वा घात वॅट इथे अडकते. शंभरेक मायक्रॉन जाडीचा प्रकाशाचा धागा, म्हणजे फिलामेंट, तो हाच.

खरंच टाळायचं असेल तर पल्स ताणून 500 फेमटोसेकंद करा. पॉवर 2 गिगावॅटवर येते, म्हणजे 3 च्याही खाली. 1985 च्या चर्प्ड पल्स ॲम्प्लिफिकेशनमागेही (पल्स ताणायची, वाढवायची, मग पुन्हा आवळायची) हाच हिशेब होता. ताणता येत नसेल तर बीमचा मार्ग नळीत घेऊन निर्वात करा, नाहीतर हेलियम भरा.