बर्ट जान्शचा 'द ब्लॅक स्वान' ऐका, कान मात्र अंगठ्यावर ठेवा

तुमचा प्रश्न असा: पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) न वापरता, नुसत्या बोटांनी अकूस्टिक गिटार शिकताय. एखाद्या मुरलेल्या वादकाचा उतारवयातला, शांत, फोक-ब्लूज अल्बम हवाय. पण मित्र म्हणतात, असले अल्बम झोप आणतात.

मित्र अगदीच खोटं बोलत नाहीत. साठीजवळचे कितीतरी अल्बम जुन्या पुण्याईवर चालतात. गिटारवादक-गायक बर्ट जान्शचा 2006 चा 'द ब्लॅक स्वान' त्यातला नाही.

जान्श मूळचा स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा, जन्म 1943 चा. 1965 साली ध्वनिमुद्रण करणाऱ्या बिल लीडरच्या राहत्या घरी टेपरेकॉर्डरवर त्याचा पहिला अल्बम झाला आणि ट्रान्सअटलांटिक कंपनीने तो शंभर पौंडांना घेतला. पुढे पेंटँगल बँड, भरपूर दारू, 1987 मध्ये आजारपण आणि दारूला कायमचा रामराम. 'ब्लॅकवॉटरसाइड' हे पारंपरिक गाणं त्याने गिटारवर ज्या तऱ्हेने बसवलं, तीच बांधणी लेड झेपलिन या रॉक बँडच्या 'ब्लॅक माउंटन साइड'मध्ये ऐकू येते. नाव त्यांचा गिटारवादक जिमी पेज याचं जास्त झालं, ते सोडा.

तर 'द ब्लॅक स्वान'. तो शांत आहे, पण ढिला नाही. तरुणपणी जान्श तारा ओढून, झटकून वाजवायचा, एका मात्रेत चार गोष्टी कोंबायचा. इथे त्याने बऱ्याच गोष्टी वगळल्यात, फक्त अंगठ्याला सुट्टी दिलेली नाही. खालच्या सुरांच्या तारांवर अंगठा चालतच राहतो आणि वरच्या तारांवरची बोटं गाण्याच्या ओळीला कधी जरा मागून, कधी जरा आधी गाठतात. आपल्या विलंबित ख्यालात ठेका ठाम असतो म्हणून गवय्या निवांत रेंगाळू शकतो, तसंच. इथे ठेकाही त्याचाच आणि गाणंही त्याचंच. अडचण तिथेच आहे.

'अ वुमन लाइक यू' हे गाणं 1969 च्या 'बर्थडे ब्लूज'वरही आहे. दोन्ही लागोपाठ ऐका. मधल्या सदतीस वर्षांत हात काय काय टाकून देतो, हे कुठल्याही व्हिडिओ-शिकवणीपेक्षा लवकर कळेल.

'केटी क्रूएल'सारख्या काही गाण्यांत गायिका बेथ ऑर्टनचा आवाज आहे. तरुण पाहुणे बोलावले की म्हातारा वादक कोपऱ्यात जातो, असा माझा अनुभव. इथे तसं झालेलं नाही. 'द ओल्ड ट्रायँगल' हे डब्लिनच्या माउंटजॉय तुरुंगाचं गाणं तर तो जवळजवळ पुटपुटतोच. 'टेक्सस काउबॉय ब्लूज' मात्र मला भरतीचं वाटतं, सोडलंत तरी चालेल. जान्श 2011 मध्ये गेला. 'द ब्लॅक स्वान'नंतर त्याचा नवा स्टुडिओ अल्बम आला नाही.

सरावाचं म्हणाल तर आधी सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार ई वरून डी वर उतरवा, 'ब्लॅकवॉटरसाइड' त्याच ट्यूनिंगमध्ये आहे. मग सहावी आणि चौथी तार, आलटून पालटून, फक्त अंगठ्याने, मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) लावून. कंटाळा येईल, येऊ द्या. शेजारच्याशी गप्पा मारतानाही अंगठ्याचा ठेका चुकला नाही की मगच दुसरं बोट लावा. आणि कृपा करून पहिल्याच आठवड्यात टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते लिहिलेला कागद) डाउनलोड करून डेव्ही ग्रॅहमच्या 'अँजी' या गिटार-रचनेच्या मागे लागू नका, निम्मे शिकाऊ तिथेच अडकतात.