जुनी + नवी रॅम: मेमटेस्ट होईपर्यंत त्या मशीनवरून एकही फाईल हलवू नका

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला, कारण माझ्याकडे अगदी हेच झालं होतं. तुम्ही लिहिलंय: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, रॅमच्या आधीच्या २६६६ स्पीडच्या ८ जीबीच्या दोन स्टिक, त्यात ३२०० च्या नव्या दोन टाकल्या, आणि आता कधी मेमरी मॅनेजमेंट एररची निळी स्क्रीन येऊन विंडोज कोसळतं, कधी क्रोम आपोआप बंद, आणि दुकानदार म्हणतोय विंडोज परत टाका. टाकू नका. निदान आज तरी नका टाकू.

आधीच सांगतो, मी हार्डवेअरवाला नाही, अकाउंट्सचं काम करतो, मशीन घरी जोडायची आवड आहे एवढंच. बोर्ड बोर्डाप्रमाणे फरक पडतो, त्यामुळे माझं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू होईल असं नाही.

स्लॉट, जोड्या हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो. २०२१ मध्ये नव्या स्टिक टाकल्या आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर जास्त स्पीडला चालवायची सेटिंग, चालू केलं. बोर्डाने नव्या स्टिकचं प्रोफाईल उचललं आणि चौघींना ३२०० ला पळवलं, १.३५ व्होल्टवर. जुन्या होत्या साध्या, १.२ व्होल्टच्या. तरी विंडोज चालू झालं, टास्क मॅनेजरमध्ये ३२ जीबी, ३२०० दिसलं आणि मी खूश. टेस्ट करायचं डोक्यातही आलं नाही. शिवाय एएमडीनेच या प्रोसेसरला चार सिंगल रँक (चिपांचा एकच गट असलेल्या) स्टिकवर २९३३ आणि चार डबल रँक (दोन गट असलेल्या) स्टिकवर २६६७ एवढंच अधिकृत दिलंय, ३२०० फक्त दोन स्टिकवर, हे मी नंतर वाचलं.

त्याच आठवड्यात मामेबहिणीचं लग्न झालं. कोरोनामुळे माणसं मोजून बोलवायची होती, फोटोग्राफर नव्हता, फोटो मीच काढले. कार्डवरून या मशीनवर घेतले, तिथून बाहेरच्या हार्डडिस्कवर टाकले, फोल्डर उघडून बघितलं तर सगळी छोटी चित्रं नीट दिसत होती, म्हणून कार्ड फॉरमॅट करून परत कॅमेऱ्यात घातलं. माझी चूक ती हीच. ती छोटी चित्रं कॅमेरा फाईलच्या सुरुवातीलाच वेगळी ठेवतो, त्यामुळे ती नीट दिसली म्हणजे फोटो नीट आहे असं नसतं. दीड महिन्याने अल्बमसाठी फोटो उघडायला घेतले. हळदीचा एक फोटो आहे, वर आंब्याचं तोरण, त्याखाली आजीचा चेहरा कपाळापर्यंत स्वच्छ, आणि तिथून खाली सगळं जांभळं होऊन बाजूला सरकलेलं, मग सरळ करडा पट्टा. असे ४१ फोटो गेले. कॉपी होताना फाईल रॅममधूनच जाते, तिथेच बिघडले. आजी पुढच्या मार्चमध्ये गेली. निळी स्क्रीन आली तर निदान कळतं तरी, हे गुपचूप खराब होणं कळतच नाही.

मग सर्व्हिस सेंटर. नाव घेत नाही. मी चारही स्टिक दिल्या, सोबत कागदावर लिहून दिलं की चौघी एकत्र लावल्यावरच प्रॉब्लेम येतो, कृपया एकत्र तपासा. १९ दिवसांनी परत आल्या, शेरा काय तर दोष आढळला नाही. फोन केला तेव्हा कळलं की त्यांनी एकेक स्टिक सुटी लावून साध्या स्पीडला तपासली. अहो, सुटी तर माझ्याकडेही नीटच चालत होती! तोच तर मुद्दा लिहून दिला होता! वर सल्ला दिला की पॉवर सप्लाय बदला, तोही मी बदलला, विंडोज तीनदा टाकलं, सगळे पैसे पाण्यात. लिहून दिलेला कागद वाचायला दोन मिनिटं लागतात हो.

शेवटी उलगडा घरीच झाला. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राईव्हवर टाकून रात्रभर लावला. फक्त जुनी जोडी, शून्य एरर. फक्त नवी जोडी एक्सएमपी लावून, शून्य. चौघी ३२०० ला, पहिल्याच फेरीत लाल ओळींची रांग. एक्सएमपी बंद करून हाताने २६६६ ठेवलं, चार फेऱ्या पूर्ण, एकही एरर नाही. तुम्हीही याच क्रमाने जा. २६६६ लाही एरर आले तर २४०० ला उतरा. आणि विंडोजमधल्या मेमरी टेस्टवर विसंबू नका, माझ्याकडे ती बिनधास्त पास झाली होती.

माझं स्पष्ट मत विचाराल तर मिसळूच नये. नवी जोडी एकटी ३२०० ला चालवा, जुनी घरातल्या दुसऱ्या मशीनला द्या. पण २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅमचे भाव जे चढलेत ते बघता ३२ जीबीचं नवं किट घ्या असं सहज सांगवत नाही, ३२ जीबी खरंच लागत असेल तर चारही २६६६ ला चालवा. गेममध्ये थोडे फ्रेम कमी पडतील, टॅली-एक्सेलला काही कळणार नाही.

दोन गोष्टी राहिल्या. सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये २६६६ ऐवजी १३३३ दिसलं तर घाबरू नका, तो अर्धा आकडा दाखवतो. आणि चार स्टिक लावल्यावर पहिल्यांदा स्क्रीन बराच वेळ काळी राहते, बोर्ड मेमरी जुळवत असतो, लगेच बटण दाबून बंद करू नका.

आणि नव्या स्टिक लावल्यापासून त्या मशीनवरून जे काही कॉपी केलंय, ते आधी त्या नव्या स्टिक काढून किंवा दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, एकेक, पूर्ण स्क्रीनवर. तोवर मूळ कार्ड, फोन, पेनड्राईव्ह काहीही पुसू नका.