‘दवाखान्यात आहे’ एवढंच सांगायचं?

प्रश्न (संक्षिप्त करून): मुलगी बीएसडब्ल्यूच्या (समाजकार्याची पदवी) शेवटच्या वर्षाला आहे. पुढे एमएसडब्ल्यू (त्यातलीच पदव्युत्तर पदवी) करून एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक व्हायचं म्हणते. उद्या आजार घरात आला तर? स्थळं कोण आणणार? फारच हट्टाला पेटली तर लोकांना ‘दवाखान्यात आहे’ एवढंच सांगायचं, असं आम्ही ठरवलंय. तिला बँकेच्या परीक्षांकडे कसं वळवावं?
– एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर: दोन पानी पत्रात मुलीला काय जमतं, काय आवडतं, यावर एकही ओळ नाही. लोक काय म्हणतील, हे मात्र पानोपानी आहे.

आधी आजाराचं बोलू. समुपदेशक रक्त काढत नाही, ते काम लॅब टेक्निशियनचं. ती समोर बसून बोलते. बोलण्याने, हात हातात घेतल्याने, एका कपातल्या चहाने एचआयव्ही होत नाही. रक्त घेणाऱ्याला चुकून बाधित सुई टोचली, तरी लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. आणि ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घेतलं की तीही खूप कमी होते. याउपर, नियमित एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झालाय, त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. त्याच्या बायकोला धोका उरत नाही, मग टेबलापलीकडे बसलेल्या तुमच्या मुलीला तो कुठून येणार?

मला खरं खटकलं ते ‘दवाखान्यात आहे’. पॉझिटिव्ह निघालेला माणूसही घरी असंच काहीतरी सांगतो. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून जवळचं केंद्र सोडून परजिल्ह्यात गोळ्या आणायला जातो. मग ऊसतोडीच्या दिवसांत एक फेरी चुकते, पुढे दुसरी. सरकारी केंद्रांत या गोळ्या २००४ पासून फुकट आहेत, पण एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजी फुकट नसते. समुपदेशकाने असा माणूस शोधायचा, न रागावता परत आणायचा, त्याच्या बायकोची तपासणी त्याच्याच तोंडून सुचवायची. गरोदर बाई पॉझिटिव्ह निघाली तर तिचं औषध वेळेत सुरू होईल हे बघायचं, म्हणजे बाळाला लागण होण्याचा धोका ५ टक्क्यांच्या खाली आणता येतो. समुपदेशन म्हणजे पाठीवरून हात फिरवणं, असं तुम्हाला वाटत असेल तर हे एकदा बघून या. आणि हे करायला निघालेल्या मुलीला तुम्ही घरातूनच तोंड लपवायला शिकवताय.

लपवायचं आहे, पण ते वेगळं. एचआयव्हीबाबतच्या २०१७ च्या कायद्यानुसार, त्यातले मोजके अपवाद सोडले तर, रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती कुणाला सांगता येत नाही. उद्या तुमच्याच भावकीतलं कुणी तिच्यासमोर येऊन बसलं, तर ती घरी येऊन गप्प राहील. तेव्हा खोदून खोदून विचारू नका.

आता जे विचारायला हवं होतं आणि विचारलं नाहीत ते. ही पदं कंत्राटी असतात. पगार बेताचा, आणि कायम होण्याचा भरवसा नाही. मुलीशी भांडायचंच असेल तर यावर भांडा, त्यात अर्थ आहे. तिनेही तालुक्याच्या केंद्रातल्या समुपदेशकाला भेटून पगार किती, वेळेवर होतो का, हे स्पष्ट विचारावं. स्थैर्य हवं असेल तर सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स म्हणजे एमपीएचही बघावी. काही संस्थांत ती डॉक्टर नसलेल्यांनाही खुली आहे.

एमएसडब्ल्यूसाठी मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे संस्था. फॉर्मच्या तारखा ती बघेल. त्याआधी सांगलीतच एक फेरी मारावी. तिथे ‘संग्राम’ संस्थेच्या कामात १९९२ पासून धंदा करणाऱ्या बायकांनीच एकमेकींना निरोध वाटले, समजावलं, आणि त्यातूनच त्यांची स्वतःची ‘वॅम्प’ ही संघटना उभी राहिली. हे काम लोकांनीच लोकांत कसं केलं, ते तिला तिथे कळेल. तुम्हीही सोबत गेलात तर बरं.

बँकेच्या परीक्षांबद्दल मी मुद्दामच काही लिहिलेलं नाही. ते मुलीने विचारलं तर सांगेन. पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या.