पाय मोडलेला ‘ब्’: परदेशात मुलांना वाचायला शिकवताना

पाच वर्षांचं मूल ‘बॅट’ या शब्दातली तिन्ही अक्षरं अचूक ओळखतं. एकेकावर बोट ठेवून म्हणतं, ‘ब… ॲ… ट’. मग सगळं एकत्र म्हण म्हटलं की ‘बअॲटअ’ असं काहीतरी बाहेर येतं आणि ते आपल्या तोंडाकडे बघत राहतं. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत हे फार वेळा घडतं. बहुतेकदा यात मुलाच्या समजुतीचा काही दोष नसतो. दोष असतो तो आपण शिकवलेल्या ‘अ’चा.

मराठीत ‘ब’ म्हणजे ब् अधिक अ. लहानपणापासून प्रत्येक व्यंजन आपण ‘अ’सकट म्हणत आलो आहोत, त्यामुळे तो ‘अ’ आपल्याला ऐकूसुद्धा येत नाही. इंग्रजी अक्षराच्या आवाजात मात्र तो नसतो. बी या अक्षराचा आवाज म्हणजे पाय मोडलेला ब्. ब्, ॲ, ट् हे तिन्ही पटापट म्हटले तर ‘बॅट’ आपोआप होतो. ब, ॲ, ट कितीही वेगाने म्हटले तरी होत नाही. म्हणून मुलाला बसवण्याआधी आई-बाबांनी स्वतः दोन दिवस सराव करावा. स्, म्, न्, फ्, ल् हे आवाज लांबवून म्हणता येतात, त्यामुळे सोपे आहेत. प्, ट्, क् हे कुजबुजल्यासारखे म्हणा. घशावर बोटं ठेवली तर थरथर जाणवता कामा नये. जाणवली, तर मागे ‘अ’ लागला असं समजा. ब्, ड्, ग् यांच्यामागे थोडासा ‘अ’ राहतोच. तो जमेल तितका तोकडा ठेवा.

अक्षरांची नावं, म्हणजे ए, बी, सी, सुरुवातीला बाजूला ठेवलेली बरी. ‘सी-ए-टी कॅट’ ही घोकंपट्टी आपल्या पिढीची. तिने स्पेलिंग पाठ होतं, पण न पाहिलेला शब्द वाचता येत नाही, कारण ‘सी’, ‘ए’, ‘टी’ ही नावं जोडून ‘कॅट’ कधीच तयार होत नाही.

आधी कान, मग डोळे

अक्षरं दाखवण्यापूर्वी दोन-तीन आठवडे फक्त ऐकण्याचे खेळ घ्या. हे मराठीतून केलं तरी चालतं, किंबहुना मराठीतूनच सुरू करावं, कारण ते शब्द मुलाच्या ओळखीचे असतात. शरीराचे अवयव या खेळासाठी उत्तम. ‘हात लाव: न्… आ… क्.’ मूल नाकाला हात लावतं. मग क्-आ-न्, प्-आ-य्, म्-आ-न्, प्-ओ-ट्. ह्-आ-त् म्हटलं की हात वर. व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांनाही हा खेळ सहज घेता येतो. फक्त त्यांना ‘ना… क’ असं नव्हे, तर तीन तुकड्यांत म्हणायला सांगावं लागतं.

इथे आपली एक सवय आडवी येते. आपण शब्द अक्षरांत तोडतो, आवाजांत नाही. भेंड्यांचा खेळ शेवटच्या अक्षरावर चालतो. ‘मांजर’चा पहिला आवाज कोणता असं विचारलं तर बहुतेक मोठी माणसंही ‘मां’ म्हणतील आणि ‘कॅट’चा पहिला आवाज ‘कॅ’ सांगतील. फोनिक्सला, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीला, याहून बारीक काप लागतो: क्, मग ॲ, मग ट्. मुलाने ‘कॅ’ असं उत्तर दिलं तर ‘चूक’ म्हणू नका. ‘बरोबर, आता त्या कॅचीही सुरुवात ऐक: क्’ असं म्हणून एक पाऊल पुढे न्या. कागदावर तीन चौकोन काढून प्रत्येक आवाजाला एक बटण पुढे सरकवायला लावलं की हे लवकर उमजतं. ‘शिप’लाही तीनच बटणं लागतात, अक्षरं चार असली तरी.

अक्षरं आणि जोडणी

बऱ्याच शाळा एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांपासून सुरुवात करतात. आवाज अनुक्रमे स्, ॲ, ट्, प्, इ, न्. क्रम असा असण्याचं कारण सरळ आहे: एवढ्या सहांतच सॅट, पिन, टॅप, नॅप, सिट, टिन, पॅन असे पुष्कळ शब्द बनतात आणि पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच मुलाला खरोखर वाचल्याचा आनंद मिळतो. तुमच्या शाळेचा क्रम वेगळा असेल तर तोच पाळा. या आठवड्यात कोणते आवाज चालू आहेत हे शिक्षकांना विचारलं की त्या सांगतात. घरी एक आणि शाळेत दुसरा क्रम ठेवू नका.

आठवड्याला तीन-चार नवी अक्षरं पुरेत. छोटी लिपी आधी, कॅपिटल नंतर, कारण पुस्तकात बहुतेक सगळं छोट्या लिपीतच असतं. रोज दहा मिनिटं: दोन मिनिटं जुन्या अक्षरांची कार्डांवरून उजळणी, दोन मिनिटं नवं अक्षर, पाच मिनिटं शब्द जोडणं, शेवटी एखादा शब्द ऐकून लिहिणं. लिहिणं टाळू नका. शब्द तोडून लिहिताना जोडणीही पक्की होते. रविवारी एक तास बसण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं कितीतरी जास्त कामाची.

जोडणीला सुरुवात लांबवता येणाऱ्या आवाजांनी करा: ‘सॅट’, ‘मॅन’, ‘फॅन’. ‘स्‌ऽऽॲऽऽट्’ असं मध्ये न थांबता म्हणायचं. प्रत्येक आवाजानंतर थांबलं की तिसऱ्यापर्यंत पहिला विसरला जातो. ‘टॅप’, ‘कॅट’ यांसारखे न लांबणाऱ्या आवाजाने सुरू होणारे शब्द त्यानंतर. तरीही अडत असेल तर पहिले दोन आवाज आधी एकत्र करा: ‘सॅ’, मग ‘ट्’, ‘सॅट’. मघाशी आडवी आलेली अक्षराची सवय इथे उपयोगी पडते. ‘सॅ’ हे मराठी कानाला एकच अक्षर वाटतं, म्हणून तीन आवाजांऐवजी दोनच तुकडे जोडायचे राहतात.

चित्र पाहून अंदाज करणं हा सगळ्यात फसवा अडथळा आहे. हुशार मूल पहिलं अक्षर आणि चित्र बघून पूर्ण वाक्य ‘वाचून’ दाखवतं आणि आपण खूश होतो. वाचन सुरू करताना चित्र हाताने झाका आणि वाक्य वाचून झाल्यावर दाखवा. खरा कस बनावट शब्दांत लागतो: ‘टॅस’, ‘पिम’ यांसारख्या शब्दांना अंदाजाचा आधार मिळत नाही. इंग्लंडमध्ये २०१२पासून इयर वनच्या (पाच-सहा वर्षांच्या) मुलांची जूनमध्ये फोनिक्स चाचणी होते. तिच्यात ४० शब्द असतात आणि त्यांतले २० मुद्दाम बनवलेले, निरर्थक असतात. भरपूर वाचणारी मुलंही तिथे त्या शब्दाचा ओळखीचा शब्द करून टाकतात. घरी अधूनमधून ‘परग्रहावरचे शब्द’ म्हणून असे चार शब्द खेळायला दिले की ही सवय जाते.

तीन आवाजांचे शब्द सहज जमू लागले की दोन अक्षरं मिळून एक आवाज (एस-एच चा श्, सी-एच चा च्), मग ‘फ्रॉग’सारखे जोड, मग शेवटचा मुका ई: ‘कॅप’चा ‘केप’, ‘पिन’चा ‘पाइन’, ‘हॉप’चा ‘होप’. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४, त्यामुळे हा टप्पा दीड-दोन वर्षं चालतो. घाई करू नये. ‘सेड’, ‘वॉज’ यांसारखे आडमुठे शब्दही चित्रासारखे पाठ करून घेऊ नका. ‘सेड’मधला पहिला स् आणि शेवटचा ड् नेहमीसारखेच आहेत, मधली दोन अक्षरं तेवढी वेगळी वागतात, इतकं दाखवलं की लक्षात ठेवायचा भाग लहान होतो.

आपले उच्चार

काही आवाजांत मराठी जीभ वेगळी वळते. टी म्हणताना आपण जीभ मागे वळवतो. इंग्रजीत तिचं टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्याला लागतं, ‘त’ आणि ‘ट’ यांच्या मध्ये कुठेतरी. व्ही आणि डब्ल्यू आपल्याकडे दोन्ही ‘व’ होतात. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो आणि दात कुठेच लागत नाहीत. आरशासमोर करून दाखवा. झेडचा आवाज ‘जाळे’मधल्या ‘ज’च्या जवळचा आहे, पण ‘जाळे’ म्हणताना जीभ आधी टेकते आणि झेडला ती टेकतच नाही, नुसतं गुणगुणणं असतं. ॲ आणि ऑ लिहायला आणि म्हणायला आपल्याकडे आधीच आहेत, ही मोठी सोय. फक्त ‘पेन’मधला ए मराठीपेक्षा आखूड ठेवा.

देशाप्रमाणे आवाज बदलतात हेही ध्यानात असू द्या. ‘हॉट’मधला स्वर ब्रिटनमध्ये ऑ, अमेरिकेत बराचसा आ. ‘कार’मधला शेवटचा र् अमेरिकेत स्पष्ट ऐकू येतो, इंग्लंडच्या बहुतेक भागांत येत नाही. इंटरनेटवरचे फोनिक्सचे व्हिडिओ निवडताना ते तुमच्या शाळेच्या उच्चारांचे आहेत ना, हे पाहून घ्या. तुमचा उच्चार मराठी वळणाचा असला तरी मूल शाळेचाच उचलेल, त्याची चिंता नको. मात्र तो अनाहूत ‘अ’ काढलाच पाहिजे.

मुलाचं स्वतःचं नाव हा एक नाजूक मुद्दा. ‘अमेय’ रोमन लिपीत ए या अक्षराने सुरू होतं, पण फोनिक्समध्ये ए म्हणजे ॲ. मूल विचारतं, माझं नाव असं का? ‘तुझं नाव मराठी आहे, ते मराठी अक्षरांत अगदी जसं म्हणतो तसंच लिहिता येतं’ असं सांगून लगेच देवनागरीत लिहून दाखवा. मराठी शिकण्याची ओढ लावायला याहून चांगली संधी नाही.

मराठी वाचन कधी आणि कसं

दोन लिप्यांनी मूल गोंधळतं ही भीती अनाठायी आहे. आवाज जोडण्याचं कौशल्य एकदा आलं की दुसऱ्या भाषेत कामी येतं. दोन्हींचा ओनामा मात्र एकाच आठवड्यात करू नये. इंग्रजीतले तीन आवाजांचे शब्द जमले की देवनागरी सुरू करावी, वेगळ्या वहीत आणि दिवसाच्या वेगळ्या वेळी. पहिल्याच दिवशी नियम सांगा: इंग्रजी अक्षरात ‘अ’ नसतो, मराठी अक्षराच्या पोटात तो असतोच.

मुळाक्षरं अ ते ज्ञ ओळीने शिकवू नका. ‘गमभन’ हा जुना क्रम जास्त शहाणपणाचा आहे: वळणं सोपी आणि चार अक्षरांतच मन, नभ, नमन, गगन वाचता येतात. म आणि भ एकसारखे दिसतात म्हणून भ दोन आठवडे उशिरा घेतला तरी चालेल. घ-ध, ब-व, इ-ड-झ या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांतही असंच अंतर ठेवा. मग काना: मामा, नाग, भाग, मान. त्यानंतर दुसरी वेलांटी, मात्रा, उकार. पहिली वेलांटी सगळ्यात शेवटी, कारण ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि म्हटली जाते नंतर. ‘दिवा’ वाचताना मूल तिथेच अडखळतं. बोट आधी ‘द’वर आणि मग वेलांटीवर ठेवायला लावलं की सुटतं.

‘घर’ हा शब्द मूल ‘घरअ’ असा वाचेल. शेवटच्या अक्षराचा ‘अ’ आपण म्हणत नाही, काही वेळा मधल्याचाही नाही: ‘बसला’ प्रत्यक्षात ‘बस्ला’ होतो. घरी मराठी बोलणारं मूल ‘घरअ’ म्हणताच स्वतःच ‘घर’ असं सुधारतं, कारण तो शब्द त्याच्या कानात असतो. ज्याच्या कानात नाही ते सुधारणार कशावरून? म्हणून वाचनाचे शब्द घरात बोलले जाणारेच निवडा. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ वेगळा का, याचंही उत्तर कानच देतो.

मराठी रोमन लिपीत लिहून शिकवणं मात्र टाळा. तिथे त-ट, द-ड, न-ण, ल-ळ यांना एकेकच अक्षर मिळतं आणि फोनिक्स शिकलेलं मूल ते सगळं इंग्रजीसारखं वाचतं.

रोज सराव करूनही सहा महिन्यांत तीन आवाजांचे शब्द जोडता येत नसतील, यमक ऐकू येत नसेल किंवा कालचं अक्षर आज पुसलं जात असेल, तर थांबून राहू नका. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. सर्दीने कानात द्रव साचला तरी बारीक आवाजांतला फरक ऐकू येत नाही. सातव्या वर्षापर्यंत बी आणि डी उलटसुलट होणं नेहमीचं आहे, त्यावरून घाबरायचं कारण नाही. घरात कुणाला वाचनाची अडचण असेल तर ते शिक्षकांना जरूर सांगा. ‘दोन भाषा आहेत ना घरी, म्हणून उशीर’ एवढ्या उत्तरावर परत येऊ नका. कोणती अक्षरं पक्की आहेत, कोणते शब्द जोडता येतात, मराठीतले आवाज तोंडी जोडता येतात का, हे तारीख घालून एका कागदावर लिहून भेटीला न्या. मराठीतही तीच अडचण दिसत असेल तर ती इंग्रजीच्या सवयीची नाही, हे त्या कागदावरून शिक्षकांना लगेच दिसेल.