एमएस-१३ ही गँग नक्की कुठली, अमेरिकेची की एल साल्वाडोरची? आणि त्या १३ चा अर्थ काय?

गँग जन्मली लॉस एंजेलिसमध्ये. हे आधीच सांगतो, कारण मुंडण केलेल्या, तोंडभर टॅटूवाल्या कैद्यांचे जे व्हिडिओ आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात ते एल साल्वाडोरच्या सेकोट जेलचे आहेत, आणि ते बघून लोकांना वाटतं की हे लोक मूळचे तिथले आणि नंतर अमेरिकेत घुसले. झालंय बरोबर उलटं.

१९८० ते १९९२ एल साल्वाडोर या मध्य अमेरिकेतल्या देशात यादवी युद्ध चाललं, ७५ हजारांच्या आसपास माणसं मेली, आणि तिथल्या लष्कराला पैसा नि शस्त्रं अमेरिकाच देत होती. जीव वाचवून पळालेली असंख्य कुटुंबं लॉस एंजेलिसच्या पिको-युनियन, वेस्टलेक भागात येऊन राहिली, कितीतरी जणांकडे कागदपत्रं नाहीत, आईबाप दिवसभर कामावर, पोरं रस्त्यावर आणि रस्त्यावर जुन्या मेक्सिकन टोळ्यांची दादागिरी. मग या पोरांनी आपला ग्रुप केला. सुरुवातीला लांब केस, काळे टीशर्ट, गांजा आणि हेवी मेटल, एवढंच, नावपण मारा साल्वात्रुचा स्टोनर्स, एमएस म्हणजे हेच मारा साल्वात्रुचा. हाताच्या बोटांनी शिंगं करायची त्यांची खूण मेटलच्या कॉन्सर्टमधनंच आलीय.

१३ आला जेलमधून. एम हे इंग्रजीतलं तेरावं अक्षर, आणि एम म्हणजे मेक्सिकन माफिया, कॅलिफोर्नियाच्या जेलमधली सगळ्यात वजनदार टोळी. साल्वाडोरची पोरं पकडली जाऊन आत गेली तेव्हा जिवंत राहायला तिचं छत्र लागायचं, म्हणून नावाला १३ जोडला. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या इतर लॅटिनो टोळ्यासुद्धा हाच आकडा लावतात, त्यामुळे नुसता १३ दिसला म्हणजे एमएस असं अजिबात नाही. निळा-पांढरा रंग देशाच्या झेंड्यावरनं घेतलेला. नवीन पोराला १३ सेकंद तुडवतात आणि मग आत घेतात. प्रत्येक भागातल्या शाखेला क्लिका म्हणतात, नॉर्मंडी नावाच्या रस्त्यावरून एका जुन्या क्लिकाचं नाव पडलंय, आणि सगळ्यांच्या वर बसलेला एकच डॉन असा प्रकार नाहीये.

आता पसरली कशी, तर डिपोर्टेशनमुळे. १९९२ ला शांतता करार झाला, १९९६ ला अमेरिकेने कायदा कडक केला आणि किरकोळ गुन्ह्यांवरूनसुद्धा पोरांना विमानात बसवून परत पाठवायला लागले. यातले कितीतरी जण लहानपणीच अमेरिकेत आलेले, वाढलेले तिथेच, आणि उतरले अशा देशात जिथे युद्धातली शस्त्रं गल्लीबोळात पडलेली, नोकऱ्या नाहीत आणि पोलीस दल नुकतंच नव्याने उभं केलेलं. त्यांची कट्टर दुश्मन एटीन्थ स्ट्रीट, तीपण लॉस एंजेलिसचीच, तीही तशीच पोचली. म्हणजे एका अमेरिकन शहराच्या गल्ल्यांमधलं भांडण एका अख्ख्या गरीब देशावर लादलं गेलं, आणि बसवाले, दुकानदार, रस्त्यावरचे विक्रेते यांना त्या दोघांची खंडणी भरत जगावं लागलं. मला याचा खरंच संताप येतो.

२००३ मध्ये तिथल्या सरकारने मानो दुरा म्हणजे कडक हाताचं धोरण आणलं, नुसत्या टॅटूवरून पोरं उचलली, आणि मारामाऱ्या नकोत म्हणून जेलं टोळीनुसार वाटून दिली, त्यामुळे म्होरक्यांना एकत्र बसून सगळा कारभार आतून चालवता आला. २०१५ ला खुनांचं प्रमाण लाखामागे शंभरच्या वर गेलं. लोक परत अमेरिकेकडे पळायला लागले, आणि लाँग आयलंड, व्हर्जिनियामध्ये तीच गँग त्यांच्या शाळकरी पोरांना ओढायला हजर होती.

टॅटूचं म्हणाल तर पोलीस त्यावरून उचलतात हे कळल्यावर नवीन पोरांनी चेहऱ्यावर गोंदणं जवळजवळ बंदच केलं. मार्च २०२२ पासून एल साल्वाडोरच्या राष्ट्राध्यक्ष बुकेलेंनी आणीबाणी लावून ८० हजारांहून जास्त लोक आत टाकले, खून प्रचंड कमी झाले हे खरंय, तिथल्या लोकांना रात्री बाहेर पडता येतंय, पण त्यात निर्दोषही सापडले आणि हजारोंना सरकारनेच नंतर सोडलं.