लोकलच्या वेळेत मध्ये आलेली मालगाडी पटकन बाजूला का घेत नाहीत?

कारण बाजूला घेण्यातच मुख्य मार्ग बराच वेळ अडतो. लूप लाइन म्हणजे मुख्य मार्गातून फुटून पुन्हा त्यालाच मिळणारा बाजूचा मार्ग; तिच्या सांध्यावरून, म्हणजे गाडी रूळ बदलते त्या जागेवरून, मालगाडी हळू न्यावी लागते. ७०० मीटरची गाडी ताशी १५ किमीने आत शिरली, तर नुसतं शेपूट सांधा ओलांडायला जवळपास ३ मिनिटं लागतात; त्याआधी वेग कमी करण्यात गेलेला वेळ वेगळाच. तोवर मागच्या लोकलला सिग्नल मिळत नाही. लूप उलट दिशेच्या मार्गापलीकडे असेल तर समोरून येणाऱ्या गाड्याही थांबतात. पुन्हा निघताना शेवटच्या वाघिणीपर्यंत ब्रेक सुटायला हवेत आणि जड गाडी वेगही सावकाश घेते. शिवाय लूप गाडीपेक्षा आखूड असेल तर प्रश्नच मिटला, तिथे ती मावतच नाही.

म्हणून अनुभवी नियंत्रक मालगाडी शक्यतो न थांबवता, एका संथ वेगाने पुढे काढतात. प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या लोकलचा सरासरी वेग तसाही कमीच असतो, त्यामुळे दोन्हींचा मेळ बसू शकतो. मागून जलद लोकल येत असेल तर मात्र हे जमत नाही. तेव्हा मालगाडी आधीच्या स्थानकातच रोखलेली बरी.