पोस्टग्रेस १४ वरून १६ वर गेल्यावर डेटा गायब दिसतोय? आधी फाइल हलवणं थांबवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सर्व्हरवरचं उबुंटू लिनक्स २२.०४ चं २४.०४ केलं, सोबत पोस्टग्रेस (डेटाबेस चालवणारा प्रोग्राम) १६ आलं, ॲपला डेटाबेस मिळेना म्हणून तुम्ही दुसऱ्या डिस्कवरचा जुना डेटा फोल्डर उचलून १६ च्या फोल्डरमध्ये कॉपी केला, आणि आता सर्व्हर चालूच होत नाही. कॉपी केलीय ना, मूव्ह नाही? मग घाबरू नका, तुमचा डेटा बहुतेक जागच्या जागी आहे. पण आता अजून एकही फाइल इकडची तिकडे करू नका आणि जुन्या डेटा फोल्डरची एक पूर्ण कॉपी वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा, टेबलस्पेस (डेटासाठी वेगळ्या नेमलेल्या जागा) असतील तर त्यांचीही, मगच पुढचं वाचा. (मोबाइलवरून लिहितोय म्हणून कमांडची नावं उच्चाराप्रमाणे टाकलीत, तुम्ही टाइप करताना इंग्रजीतच टाका.)

आधी नेमकं काय झालं ते सांगतो. डेबियन-उबुंटूच्या पॅकेजमध्ये प्रत्येक मेजर (१४, १६ अशा मोठ्या) व्हर्जनचं घर वेगळं असतं. डेटा व्हार-लिब-पोस्टग्रेसक्यूएलच्या आत १४/मेन, १६/मेन असा, कॉन्फिग (सेटिंगच्या फाइल) इटीसी-पोस्टग्रेसक्यूएलच्या आत तसाच, आणि प्रोग्राम यूएसआर-लिब-पोस्टग्रेसक्यूएलच्या आत परत १४ आणि १६ च्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये. १६ आलं की पॅकेज एक नवा कोरा क्लस्टर (स्वतःचा डेटा, कॉन्फिग आणि पोर्ट असलेली स्वतंत्र मांडणी) बनवतं, आणि ५४३२ पोर्ट (ॲप ज्या नंबरवर जोडलं जातं तो) १४ च्या नावावर आधीच लागलेला असल्यामुळे नव्याला ५४३३ मिळतो. तुमच्या डेटाला कोणी हातही लावत नाही. मग अपग्रेडच्या शेवटी 'जुनी पॅकेजेस काढू का' असं विचारतात, आपण घाईत हो म्हणतो, आणि १४ चे प्रोग्राम जातात. म्हणजे डेटा आहे, कॉन्फिग आहे, पण चालवणारा प्रोग्रामच नाही. पीजी-एलएसक्लस्टर्स (क्लस्टरची यादी दाखवणारी कमांड) चालवून बघा, १४ मेन पुढे 'डाउन, बायनरीज मिसिंग' असं दिसेल.

जुना फोल्डर १६ ला दिला तर तो का घेत नाही, तर मेजर व्हर्जन बदललं की डेटा डिरेक्टरीचा आतला फॉरमॅट बदलतो, आणि प्रत्येक डेटा फोल्डरमध्ये पीजी-व्हर्जन नावाची एक छोटी फाइल असते तिच्यात नुसता १४ किंवा १६ आकडा असतो, सर्व्हर तो वाचतो आणि जुळला नाही तर सरळ बंद होतो. ती फाइल एडिट करून १६ लिहा असा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. (१४.५ वरून १४.१२ अशा मायनर अपडेटमध्ये यातलं काही होत नाही, तिथे निर्धास्त राहा.)

आता दुरुस्ती. २४.०४ च्या स्वतःच्या रेपोत (पॅकेज जिथून येतात त्या साठ्यात) १४ नाही, त्यामुळे पोस्टग्रेसच्या प्रोजेक्टची अधिकृत एपीटी रेपो जोडा आणि पोस्टग्रेसक्यूएल-१४ परत इन्स्टॉल करा. जुना कॉन्फिग तसाच असल्यामुळे १४ मेन आपला आपण ओळखला जातो. तो सुरू करा, ॲप लावून बघा, एक पूर्ण डंप (डेटाची फाइलमध्ये काढलेली प्रत) घ्या. इथपर्यंत आलात की अर्धं संकट संपलं.

मग १६ चा तो बिघडलेला क्लस्टर पीजी-ड्रॉपक्लस्टरने काढायचा, कारण पीजी-अपग्रेडक्लस्टरला (जुना क्लस्टर नव्या व्हर्जनवर नेणाऱ्या कमांडला) नव्या व्हर्जनची 'मेन' ही जागा रिकामी लागते. पण थांबा, ड्रॉप करायच्या आधी १६ च्या पोस्टग्रेसक्यूएल-डॉट-कॉन्फमध्ये डेटा-डिरेक्टरीची ओळ उघडून वाचा. गडबडीत बरेच जण तिथे जुन्या फोल्डरचा पत्ता टाकून बघतात, तुम्हीही टाकला असेल तर ड्रॉप केल्यावर तुमचा खरा डेटा उडेल. ही एक ओळ दोनदा वाचा, माझ्यासाठी म्हणून वाचा.

त्यानंतर पीजी-अपग्रेडक्लस्टर १४ मेन. हा कॉन्फिगही घेऊन येतो आणि पोर्टची अदलाबदल करतो, नव्याला ५४३२ आणि जुन्याला ५४३३. तुमचा डेटा वेगळ्या डिस्कवर आहे म्हणून महत्त्वाचं, नवा फोल्डर कुठे हवा ते याच कमांडच्या शेवटी द्या, नाही दिला तर तो व्हार-लिबमध्येच जाणार आणि तुमची रूट डिस्क ४० जीबीची असेल तर मध्येच भरून बसेल. हार्डलिंकवाला (फाइल कॉपी न करता त्याच वापरणारा) झटपट पर्याय वापरायचा असेल तर जुना आणि नवा फोल्डर एकाच फाइलसिस्टमवर लागतात.

जुना कॉन्फ हाताने १६ मध्ये पेस्ट करू नका, हेही सांगतो. १४ च्या फाइलमध्ये डेबियनवाल्यांनी स्टॅट्स-टेम्प-डिरेक्टरी अशी एक ओळ घातलेली असते, ते सेटिंग व्हर्जन १५ मध्ये काढूनच टाकलं, त्यामुळे त्या एका ओळीपायी नवा सर्व्हर उठत नाही आणि माणूस रात्रभर परमिशन तपासत बसतो.

रेड हॅट घराण्यात (लिनक्सच्या दुसऱ्या शाखेत) असाल तर गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे प्रोजेक्टच्या पॅकेजमध्ये सर्व्हिसच्या नावातच व्हर्जन असतं, म्हणून पीजीडेटाचा (डेटा फोल्डरचा) पत्ता बदलायला सिस्टमडीमध्ये (सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या साधनात) लिहिलेला ओव्हरराइड १४ च्या सर्व्हिसलाच चिकटून राहतो, १६ ला तो माहीतच नसतो. शिवाय एसई-लिनक्सचं (तिथल्या सुरक्षा व्यवस्थेचं) लेबल नव्या फोल्डरला लावावं लागतं. आणि डॉकरवाल्यांनो, पोस्टग्रेस १८ च्या इमेजमध्ये (डॉकरच्या तयार पॅकेजमध्ये) डेटाची जागा व्हर्जनच्या नावाच्या फोल्डरमध्ये गेलीय, जुनं व्हॉल्यूम शेवटी 'डेटा' असलेल्या पत्त्यावर लावत असाल तर कंपोज फाइल बदला. माझ्या मते हा बदल योग्यच आहे, मी स्वतः साध्या सर्व्हरवरही डिस्क थेट व्हार-लिब-पोस्टग्रेसक्यूएलवरच माउंट करतो, मग १४, १६, पुढचं जे येईल ते सगळं एकाच डिस्कवर शेजारी शेजारी राहतं आणि सिमलिंकची (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या फाइलची) भानगडच नको.

शेवटची गोष्ट माझ्या अंगावर आलेली आहे. एका पतसंस्थेचा सर्व्हर असाच अपग्रेड केला, सगळं छान चाललं. पण रात्रीच्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये पीजी-डंपचा पूर्ण पत्ता १४ च्या फोल्डरचा होता. जुना पीजी-डंप नव्या सर्व्हरचा डंप घेत नाही, तो नकार देतो, पण त्याचं आउटपुट पुढे जीझिपला (फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला) जात होतं आणि जीझिप यशस्वी, म्हणून क्रॉनला (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्याला) सगळं ठीक वाटत होतं. ११ दिवस २० बाइटच्या, म्हणजे रिकाम्याच, फाइल बनत होत्या. मधे काही बिघडलं नाही म्हणून निभावलं, नाहीतर लोकांच्या ठेवींचा हिशोब होता तो. म्हणून आता अपग्रेडच्या आधी इटीसी, क्रॉन आणि स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) करून जुन्या व्हर्जनचे सगळे पत्ते शोधतो, आणि सर्व्हर चालू असतानाच त्यालाच विचारून डेटा-डिरेक्टरी, कॉन्फिग-फाइल आणि एचबीए-फाइल (कोण जोडू शकतो ते ठरवणारी) यांचे पत्ते शो कमांडने काढून वहीत लिहून ठेवतो.

१४ लगेच काढू नका, आठवडा-दोन आठवडे राहू द्या, आणि काढताना रिमूव्ह करा, पर्ज नाही. पर्ज करताना डेटा फोल्डरही काढू का असं विचारतात. आणि नव्यावर ॲनालाइझ (क्वेरीसाठी डेटाची आकडेवारी गोळा करणारी कमांड) चालवलं का ते बघा, नाहीतर क्वेरी हळू चालतील आणि तुम्ही दोष १६ ला द्याल. पीजी-एलएसक्लस्टर्सचं आउटपुट आणि ती डेटा-डिरेक्टरीची ओळ इथे टाका, ड्रॉप करायच्या आधी मी बघतो.